बालाघाटासाठी लांब लेन्स: कॅनन ७०-२०० एफ/४ विषयी एका निवृत्त भूकरमापकाचं मत

मराठवाड्यात लँडस्केपसाठी कोणती लेन्स घ्यावी असं कुणी विचारलं, की बहुतेकांच्या तोंडी वाइड अँगलचंच नाव येतं. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर ते बरोबरच आहे. तिथे पायाशी कडा, समोर दरी, अंगावर आलेले ढग, सगळं जवळ असतं. आपल्याकडे जमीन पसरट, डोंगर लांबवर आणि बुटके, आणि आभाळ हवं तेवढं. अंबाजोगाईहून केजकडे जाताना कुठेही थांबून दहा एमएमच्या वाइड लेन्सने फोटो काढा. वर निम्मं आभाळ, खाली निम्मी नांगरट, आणि ज्या डोंगरासाठी गाडी बाजूला घेतली तो मधे बारीक रेघेएवढा उरतो.

बालाघाटाचा, म्हणजे आपल्याकडच्या या बुटक्या डोंगररांगेचा, फोटो काढायचा तर त्याच्यापर्यंत नजर पोचवणारी लेन्स लागते. माझ्यासाठी ती कॅननची ईएफ ७०-२०० एमएम एफ/४ एल यूएसएम. आयएस, म्हणजे हाताची थरथर सावरणारी यंत्रणा, नसलेली, १९९९ साली बाजारात आलेली, पांढऱ्या नळीची. निवृत्तीनंतर मी ती सेकंड हँड २८ हजारांना घेतली. आता माझ्या चांगल्या फोटोंपैकी बहुतेक तिच्यातूनच निघालेले आहेत, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहावंसं वाटलं.

आधी वजनाचं बोलू, कारण आमच्या वयात तोच पहिला प्रश्न असतो. ही लेन्स ७०५ ग्रॅमची. याच मापाची, जास्त उजेड आत घेणारी जुनी एफ/२.८ लेन्स १३०० ग्रॅमच्या पुढे जाते. लँडस्केपमध्ये आपण अपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, बारीक करून एफ/८ नाहीतर एफ/११ लाच काम करतो. मग एफ/२.८ साठी जवळजवळ दुप्पट ओझं आणि त्याहून जास्त पैसे कशाला घालायचे? माझी कॅमेरा बॉडी कॅननची ८०डी, ती ७३० ग्रॅम. दोन्ही मिळून दीड किलोच्या आत बसतात. त्यात ट्रायपॉड आणि पाण्याची बाटली घेतली तरी मुकुंदराजांच्या समाधीकडच्या दरीत उतरून परत वर येता येतं.

झूम फिरवलं तरी या लेन्सची नळी पुढे येत नाही, लांबी १७२ मिलिमीटर ती तेवढीच राहते. ट्रायपॉडवर याचा फार फायदा होतो, कारण एकदा तोल साधला की पुन्हा पुन्हा डोकं आवळत बसावं लागत नाही. ऑटोफोकस जलद आणि बिनआवाजाचा. तो चालू असतानाही रिंग हाताने फिरवता येते. शार्पनेसबद्दल फार लिहीत नाही. आत सोळा काचा आहेत, त्यातली एक फ्लुओराइटची आणि दोन यूडी, रंग फाटू न देणाऱ्या, आणि त्याचा परिणाम दिसतो. उन्हात चमकणाऱ्या पांढऱ्या भिंतीच्या कडेला जांभळी रेघ येते ना, ती इथे शोधावी लागते. चोवीस मेगापिक्सेलमधून ए-थ्री प्रिंट काढा, लिंबाच्या शेंड्याची पानं वेगवेगळी दिसतात.

मी आयुष्यभर भूमी अभिलेख खात्यात मोजणी केली. नोकरीला लागलो तेव्हा ३३ फुटांची साखळी आणि प्लेन टेबल होतं, निघालो तेव्हा अंतर आणि कोन स्वतःच मोजणारं ईटीएस मशीन आलेलं होतं. त्यामुळे लेन्सकडेही मी एमएमपेक्षा अंशांतच बघतो. माझ्या ८०डी सारख्या लहान मापाच्या, म्हणजे क्रॉप सेन्सरवर अठरा एमएमची किट लेन्स आडवी सुमारे ६४ अंश बघते. ही लेन्स ७० ला १८ अंश बघते आणि २०० ला साडेसहा अंशांच्याही थोडं आत. म्हणजे अख्ख्या क्षितिजातून केवढी लहान फाक हाती येते बघा. पौर्णिमेचा चंद्र अर्ध्या अंशाचा असतो. २०० वर तो फ्रेमच्या रुंदीच्या साधारण बाराव्या हिश्श्याएवढा येतो. चंद्र मोठा दिसेल म्हणून ही लेन्स घेणाऱ्यांनी हा हिशेब आधीच करून ठेवावा.

साडेसहा अंश हाती आले की खरं काम सुरू होतं, आणि ते काम आहे काय सोडायचं हे ठरवण्याचं. खरेदीखतात जमिनीची चतुःसीमा लिहितात. पूर्वेस अमुक गट, पश्चिमेस नाला, दक्षिणेस पाणंद, उत्तरेस तमक्याची जमीन. मधल्या जमिनीत काय पिकतं याला त्या ओळींत जागा नसते, पण चतुःसीमा पक्की नसेल तर दस्ताला किंमत राहत नाही. मी फोटोही तसाच बघतो. व्ह्यूफाइंडरला डोळा लावला की आधी चारी कडांवरून नजर फिरवायची. डाव्या कडेला बाभळीची अर्धी फांदी कापली जाते का, उजवीकडून विजेची तार शिरते का, खालच्या कडेला पांढरा दगड किंवा प्लॅस्टिकची पिशवी आहे का, वरच्या कडेला डोंगराचा माथा चिकटलाय का. चारी बाजू स्वच्छ झाल्या की मधल्या विषयाकडे वळायचं. फोटो शिकायला येणाऱ्या मुलांना मी हेच आधी सांगतो. त्यांची नजर झाडावर खिळलेली असते आणि झाडाच्या आजूबाजूने काय आत शिरलं ते घरी गेल्यावर कळतं.

कॅमेरा पिशवीतून काढायच्या आधी मी पुठ्ठा काढतो. पोस्टकार्डाएवढ्या काळ्या पुठ्ठ्याला मधोमध ६ बाय ४ सेंटिमीटरची खिडकी कापलेली आहे आणि एका कोपऱ्याला दोरा बांधलेला आहे. दोऱ्याला दोन गाठी, एक १९ सेंटिमीटरवर, दुसरी ५४ वर. पहिली गाठ गालाच्या हाडाला टेकवून दोरा ताणला की खिडकीतून जे दिसतं तेच ७० एमएम. दुसरी गाठ टेकवून हात लांब केला की २००. हा हिशेब क्रॉप सेन्सरचा. फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरवाल्यांनी गाठी १२ आणि ३३ सेंटिमीटरच्या आसपास बांधाव्यात. बॅटरी लागत नाही, आणि मुख्य म्हणजे बटण दाबायची घाई होत नाही. पुठ्ठा डोळ्यापुढे धरून मी बांधाबांधाने चालतो, थांबतो, खाली बसतो, पुन्हा उठतो. जागा सापडली की मगच ट्रायपॉडचे पाय उघडायचे. जागा सापडली नाही तर ते उघडायचेच नाहीत.

जागेवर एवढा भर देण्याला कारण आहे. टेली, म्हणजे अशी लांब लेन्स डोंगर जवळ ओढते, मागचं-पुढचं एकमेकाला चिकटवते असं सगळे म्हणतात. चिकटवण्याचं काम खरं म्हणजे आपण किती लांब उभे आहोत त्यावर होतं, लेन्स फक्त तेवढा तुकडा मोठा करून दाखवते. समजा एका रेषेत दोन लिंबाची झाडं आहेत, सारख्याच उंचीची, दोघांमध्ये शंभर मीटर अंतर. पहिल्यापासून पन्नास मीटरवर उभे राहिलात तर मागचं झाड पुढच्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं दिसणार. तेच पाचशे मीटर मागे सरकलात तर पुढचं झाड मागच्यापेक्षा जेमतेम सव्वापट, किंबहुना थोडं कमीच. म्हणून जोडीदार झाडं, एकामागे एक डोंगररांगा, गाव आणि त्यामागचा कडा असं काही जवळजवळ दाखवायचं असेल तर मागे जायचं, भरपूर मागे जायचं, आणि मग २०० लावायची. मराठवाड्यात मागे जायला जागा मुबलक आहे. कोकणात ती मिळत नाही.

बालाघाटाला ही रीत चांगली मानवते. आपले डोंगर म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक साचलेले लाव्ह्याचे थर. काही थर कठीण, काही ठिसूळ. ठिसूळ थर झिजतात आणि कठीण पुढे राहतात, म्हणून डोंगराला पायऱ्या पडतात आणि माथा सपाट राहतो. वाइड लेन्सला या पायऱ्या दिसतच नाहीत. २०० ने बघितलं, त्यातही सकाळी तिरपं ऊन पडलेलं असताना, की प्रत्येक पायरीखाली सावलीची पट्टी येते आणि डोंगर आडव्या रेघांचा होतो. अशा फ्रेममध्ये मी आभाळ जवळजवळ घेतच नाही. घेतलं तरी वरचा आठवा भाग, तोही माथा कडेला चिकटू नये म्हणून.

देवगिरीला या लेन्सने एक गोष्ट छान दाखवली. किल्ला लांबून बघितला की चांद मिनार डोंगराच्या उतारावर असा बसतो की दोन्हींच्या कडा एकात एक मिसळतात. तिथेच उभं राहून झूम फिरवत राहिलं तर काही फरक पडत नाही. रस्ता सोडून बाजूला चालत गेलं की मिनार हळूहळू उतारापासून सुटा होतो, मधे आभाळाची एक फट येते, आणि दोन्ही वस्तूंना आपापली जागा मिळते. ती फट किती ठेवायची हे पावलांवर ठरतं. मला ती मिनाराच्या जाडीएवढी आवडते. कमी ठेवली तर दोन्ही एकमेकांना टेकल्यासारखे वाटतात, जास्त ठेवली तर नातं तुटतं.

या लेन्सने काढलेलं माझं सगळ्यात जिव्हाळ्याचं काम धनेगावच्या धरणातलं आहे. मांजरा नदी पाटोदा तालुक्यात उगम पावते आणि धनेगावला अडवली आहे. थंडी संपता संपता पाणी मागे हटायला लागतं आणि बुडीत क्षेत्रातली जमीन उघडी पडते. तिथे शेतकरी गाळपेर करतात. आधी हरभरा, मग टरबूज-काकडी, चाऱ्याचा मका. पाणी थांबत थांबत उतरतं, त्यामुळे जिथे जिथे ते टेकलं होतं तिथे तिथे वळणदार रेघ राहते. मोजणीवाल्याला हे बघून हरखायला होतं. कंटूर, म्हणजे सारख्या उंचीच्या रेघा, काढायला आम्ही लेव्हल मशीन लावून दिवसचे दिवस घालवायचो, आणि इथे पाण्यानेच ते जमिनीवर आखून ठेवलेले असतात. पाण्यालगत ओला काळा गाळ, त्याच्यावर कोवळ्या हिरव्याची पट्टी, त्याच्यावर तडे गेलेली राखाडी जमीन, मग वाळलेलं गवत. आणि या सगळ्या वळणांना छेदून जाणारा एक सरळ बांध. धरण होण्याआधीच्या कुण्या शेताचा, इतकी वर्षं पाण्याखाली राहूनही जागा न सोडलेला.

तो बांध हा माझा विषय. काठावरच्या उंचवट्यावर उभं राहून २०० ने बघितलं की पट्ट्या एकमेकीजवळ येतात आणि बांध खालच्या डाव्या कोपऱ्याच्या जरा वरून निघून तिरपा वर जातो. बरोबर कोपऱ्यातून निघू द्यायचा नाही, नजर त्याच्यावरून घसरून बाहेर पडते. पाणी वरच्या कडेला फक्त सहाव्या भागापुरतं. आभाळ अजिबात नाही, कारण आभाळ आलं की हे धरणाचं दृश्य होतं आणि बांध हरवतो. डिझेल इंजिनाचं खोकं उजवीकडे येत होतं ते कडेबाहेर ठेवलं. पाण्याचा निळा पाइप मात्र ठेवला, त्या पट्ट्यांना पाणी कुठून येतं ते त्याच्यामुळे कळतं.

मग थांबायचं. शेतात खुरपणाऱ्या बाया सावकाश पुढे सरकत असतात. चारशे मीटरवरचा उभा माणूस २०० एमएमला फ्रेमच्या उंचीच्या विसाव्या भागाहून जरासा मोठा दिसतो. तेवढा पुरतो, त्याच्याने जमिनीचा आवाका समजतो. चेहरा ओळखू येत नाही, तरी फोटो काढायच्या आधी मी खाली जाऊन सांगून येतो. पांढरी नळी आणि तीन पायांचा ट्रायपॉड बघून एका मामांनी विचारलं, "सायेब, धरणाची मोजणी निघाली का?"

"नाही मामा, फोटू काढायलो."

"वावराचा? मंग देवळाकडं जावा की, हितं काय हाय?"

मी त्यांना कॅमेऱ्याच्या पडद्यावर बांध दाखवला. त्यांनी बोट ठेवून तो कुणाचा होता, त्याच्या अलीकडे विहीर कुठे होती, आंब्याचं झाड कुठे होतं ते सगळं सांगितलं. विहिरीची जागा पडद्यावर काळ्या ठिपक्यासारखी दिसत होती, मी ती नुसता गाळ समजून उजव्या कडेवर अर्धी कापली होती. फ्रेम दोन बोटं उजवीकडे सरकवून ती पूर्ण आत घेतली. २०१६ च्या उन्हाळ्यात याच धरणातलं पाणी संपलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. तेव्हापासून धनेगावला गेलो की पाणी कुठवर आहे ते मी आधी बघतो, पुठ्ठा नंतर काढतो.

आता या लेन्सबरोबर राहायचं तर काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. हिला आयएस नाही. क्रॉप बॉडीवर २०० ला हातात धरून काढायचं तर शटर एक भागिले ३२० सेकंदाहून सावकाश ठेवू नये. पहाटेच्या उजेडात एफ/११ वर ते शक्यच नसतं, तेव्हा ट्रायपॉड हवाच. लँडस्केपवाल्याकडे तो तसाही असतो, म्हणून आयएसवाल्या मॉडेलचे जादा पैसे मी वाचवले. ट्रायपॉड कॉलर लेन्सबरोबर येत नाही, वेगळी घ्यावी लागते. ती घ्याच. तिच्यावाचून सगळा भार पुढे झुकतो आणि जरा वारा आला की टोक थरथरतं. बालाघाटाच्या पठारावर वारा किती असतो ते तिथल्या पवनचक्क्यांवरून समजून घ्या. मी ट्रायपॉडच्या मधल्या हुकाला पाण्याची पिशवी अडकवतो, मधला दांडा वर काढत नाही, लाइव्ह व्ह्यूवर, म्हणजे मागच्या पडद्यावर, दहापट मोठं करून फोकस बघतो आणि दोन सेकंदांचा टायमर लावतो. कॅमेऱ्याचा पट्टाही गुंडाळून ठेवायचा, तो फडफडला तरी फोटो हलतो.

फोकस कुठे करायचा हे पुष्कळ जण विचारतात. २०० एमएम, एफ/११, क्रॉप सेन्सर: सुमारे दोनशे मीटरवर, म्हणजे आमच्या हिशेबाने वीस साखळ्यांवर फोकस केला तर शंभर मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं चालण्याइतकं स्वच्छ येतं. त्याच्या अलीकडचं काही फ्रेममध्ये येऊच द्यायचं नाही. एफ/२२ लावून खोली वाढवायचा मोह आवरा. चोवीस मेगापिक्सेलच्या क्रॉप सेन्सरवर एफ/११ च्या पुढे सगळाच फोटो मऊ पडत जातो. लेन्सवर ३ मीटर ते अनंत असं एक बटण आहे, ते लँडस्केपला तिकडेच ठेवावं.

पण महाग-स्वस्त कोणतीही लेन्स घेतली तरी तिचं काही चालत नाही असा आपल्याकडचा मोठा शत्रू म्हणजे उन्हाच्या झळा. काळी जमीन तापली की तिच्यावरची हवा उकळायला लागते, आणि टेली लेन्स ती सगळी मोठी करून दाखवते. चैत्र-वैशाखात सकाळी नऊनंतर किलोमीटरभर लांबचं झाड २०० वर लाइव्ह व्ह्यूमध्ये बघा, बुंधा पाण्यात असल्यासारखा हलत असतो. फोटो काढला की कडा खाल्लेल्या येतात. शटर वाढवून उपयोग नाही, शार्पनिंगनेही जात नाही. पुष्कळ जण याला लेन्सचा दोष समजतात आणि चांगली लेन्स विकून टाकतात. घरातल्या एसीतून किंवा गाडीतून एकदम बाहेर काढलेल्या लेन्सलाही थोडा वेळ द्यावा, लेन्सपुढच्या ऊन अडवणाऱ्या हूडमध्ये गार-गरम हवा मिसळली तरी हाच प्रकार होतो. उन्हाळ्यात मी फटफटायच्या आत जागेवर असतो आणि ऊन तापायच्या आत आवरतो. मे महिन्याच्या मध्यावर तर आपल्याकडे सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो. त्या दिवसांत दुपारी जमिनीला उंची-खोलीच दिसत नाही.

याच्या उलट मार्गशीर्ष-पौष. सूर्य भर दुपारीही पन्नास अंशांच्या आसपासच राहतो, सावल्या दिवसभर मिळतात. पावसाने धूळ बसलेली असते, कुसळी गवत पिवळं झालेलं असतं, खाली शाळू आणि करडई उभी. सकाळी मांजरेच्या काठाने धुकं असलं तर एकामागच्या एका टेकडीचा रंग फिका होत जातो. पुढची काळपट, मधली करडी, मागची जवळजवळ आभाळात मिसळलेली. अशा वेळी मी तीनच टेकड्या घेतो. चौथी घेतली की गर्दी होते. पुढची सगळ्यात कमी जागेत, कारण ती आधीच गडद आणि जड असते. हवेतली ही धूसरता पोलरायझर नावाच्या फिल्टरने थोडी कमी करता येते, पण थर दाखवायचे असतील तर पोलरायझर काढून ठेवा, धूसरताच तर आपल्याला हवी आहे.

पोलरायझरचं म्हणाल तर फिल्टर ६७ मिलिमीटरचा लागतो, आणि कॅननच्या ईएफ-एस १०-१८ वाइड लेन्सलाही हाच आकार बसतो. एका फिल्टरमध्ये दोन्ही लेन्सचं भागतं. वाइडवर पोलरायझर लावला की आभाळ एकीकडे गडद, दुसरीकडे फिकं असं डागाळतं, कारण सूर्यापासून नव्वद अंशांवरच त्याचा जोर सगळ्यात जास्त असतो आणि वाइड लेन्स फार मोठा पट्टा बघते. या लेन्सच्या साडेसहा अंशांत तो फरक जाणवत नाही, निळा रंग सगळीकडे सारखा येतो. पावसाळ्यात ओल्या दगडांवरची चकाकी काढायलाही तो कामी येतो. नळदुर्गला नर-मादी धबधबे वाहत असताना काळ्या दगडाचा खरा रंग पोलरायझरशिवाय मिळत नाही. तिथे एक सांभाळा: या मॉडेलला पाण्यापासून बचावाचं सील नाही. तुषार उडत असतील तर लांब उभे राहा. टेलीला त्याने काही बिघडत नाही, उलट धबधब्याचा एकच पदर निवडता येतो. मी दुधाच्या पिशवीसारखी जाड प्लॅस्टिकची पिशवी, पुढे भोक पाडून, रबराने हूडला बांधतो.

वेरूळच्या लेण्यांत ही लेन्स घेऊन जाऊ नका. कैलासाच्या अंगणात मागे सरकायला जागाच नाही, तिथे वाइडच हवी. वरच्या कड्यावरून मात्र शिखराचे तुकडे हिच्याने सुंदर मिळतात. पक्ष्यांसाठी २०० कमी पडते, नायगावच्या मोरांसाठी हिच्यावर पैसे घालू नयेत. लग्नकार्यातल्या अंधाऱ्या मंगल कार्यालयात एफ/४ आणि आयएस नाही म्हटल्यावर त्रास होईल. आणि ज्यांना ट्रायपॉडचा कंटाळा आहे त्यांनी २००६ साली आलेलं आयएसवालं मॉडेल बघावं, वजनात फार फरक नाही.

घरी बायकोचं मत वेगळं आहे. तिला १०-१८ ने काढलेला गावदेवीच्या जत्रेचा फोटो जास्त आवडतो, कारण त्यात ओळखीची माणसं आहेत, आणि तो बैठकीत लावलाय. धनेगावचा बांध माझ्या टेबलासमोर आहे. दोन्ही फोटो आपापल्या भिंतीवर बरोबर आहेत असं मला वाटतं.

सेकंड हँड घेताना काय बघावं ते सांगतो. दोन्ही बाजूंची टोपणं काढून मागून मोबाइलचा टॉर्च लावा आणि पुढून तिरपं बघा. बारीक धूळ असली तर चालते, फोटोत दिसत नाही. पांढरे बारीक तंतू पसरलेले दिसले तर ती बुरशी, भाव कितीही पाडला तरी घेऊ नका. मुंबई-कोकणच्या दमट हवेत राहिलेल्या लेन्स जास्त बारकाईने तपासा. आपल्याकडे हवा कोरडी, पण पावसाळ्याचे चार महिने झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालूनच ठेवावी. झूम आणि फोकस दोन्ही रिंग टोकापासून टोकापर्यंत फिरवा, मधे कुठे अडकता कामा नये. कॅमेऱ्याला लावून एफ/११ वर डेप्थ-ऑफ-फील्डचं बटण दाबून धरा आणि पुढून बघा, अपर्चरच्या आठही पात्यांवर तेलाचा डाग नसावा. मग एखादी विटांची भिंत २०० वर, एफ/४ ला, ट्रायपॉडवरून काढा आणि चारी कोपरे मोठे करून बघा. एकच कोपरा मऊ असेल तर आतली काच हललेली आहे. हूड मागून घ्या, ईटी-७४ नावाचा येतो, बऱ्याच जणांकडून तो हरवलेला असतो. आणि पुढे कॅननचा आर मालिकेतला, आत आरसा नसलेला मिररलेस कॅमेरा घ्यायचा विचार असेल तर काळजी नको, ईएफ ते आर अडॅप्टरवर ही लेन्स ऑटोफोकससकट चालते.